ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी ठेवून जाताना

दिवाळी आटोपली, तुळशीची लग्ने लागली, की ग्वाल्हेरच्या लष्कर, ठाटीपूर आणि मुरार या भागांतल्या कित्येक मराठी घरांना कुलपे लागू लागतात. कुणी झेलम एक्सप्रेसने पुण्याला मुलाकडे जातो, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबई गाठतो, कुणी परदेशी नातवंडांकडे निघतो आणि होळीच्या आसपासच परततो. घर बंद करून जाण्याची रीत आपल्याला ठाऊक असते. गॅस बंद करायचा, पाण्याचा कॉक फिरवायचा, देव शेजारी द्यायचे, तुळशीला पाणी घालायला कुणाला तरी सांगायचे, हे सारे अंगवळणी पडलेले असते. गाडीच्या बाबतीत मात्र कुलूप लावून वर कव्हर टाकले की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असते, टायरमधली हवा कमी होत असते, ब्रेकवर गंज चढत असतो आणि ग्वाल्हेरच्या थंडीत ऊब शोधणाऱ्या उंदरांना बोनेटखालची जागा फार आवडते. ज्यांच्या घरी पहिलीच गाडी आहे आणि ती प्रथमच इतके दिवस उभी राहणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सर्वांत आधी एक निर्णय

आपल्या मागे ही गाडी कुणी चालवणार आहे, की ती पूर्णपणे बंद राहणार आहे, हे प्रथम ठरवावे, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी या उत्तरावर अवलंबून आहे. हे दोन मार्ग सोडून तिसरा, सर्वांत प्रचलित आणि माझ्या मते सर्वांत हानिकारक मार्ग म्हणजे "आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करत जा" असे भाच्याला किंवा शेजाऱ्याला सांगून जाणे. आम्हीही एके वर्षी हेच केले होते. भाच्याने नेमाने, एकही रविवार न चुकवता, गाडी जागच्या जागी चालू केली, आणि फेब्रुवारीत परत आल्यावर बॅटरी जवळजवळ मेलेली आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर जमलेला, अशी गाडी आमच्या हाती आली. त्याची काही चूक नव्हती, चूक आमच्या सूचनेत होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच, म्हणजे सुमारे एक लिटर, पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापलेले असले की ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, परंतु थंड इंजिन पाच मिनिटांत तापत नाही, आणि मग ती वाफ सायलेन्सरच्या नळीत आणि काही अंशी इंजिनच्या पोटात पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये मिसळते आणि आतून गंज धरवते. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, ती भरून काढायला जागेवरची पाच मिनिटे थंडीच्या दिवसांत क्वचितच पुरतात. म्हणून दोनपैकी एकच करावे. विश्वासातला, परवाना असलेला माणूस असेल, तर त्याने दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी रस्त्यावर काढून सलग अर्धा तास चालवावी. तसा माणूस नसेल, तर गाडी नीट तयारी करून पूर्ण बंद ठेवावी आणि आपण परत येईपर्यंत तिला कुणीही चालू करू नये.

निघण्याच्या महिनाभर आधी: कागद आणि जागा

विम्याची आणि पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या दाखल्याची, मुदत प्रथम पाहावी. ग्वाल्हेरमध्ये याला एक वेगळे महत्त्व आहे. १९०५ साली सुरू झालेल्या आपल्या व्यापार मेळ्यात अनेक वर्षी रोड टॅक्सवर सवलत जाहीर झाली आहे, त्यामुळे गावातल्या पुष्कळ गाड्या जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या असतात आणि त्यांच्या विम्याचे नूतनीकरण नेमके मालक बाहेरगावी असतानाच येते. सप्टेंबर २०१८पासून नव्या चारचाकीसोबत तृतीयपक्षी विमा तीन वर्षांचा मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांनंतरची तारीख पाहून मालक निश्चिंत राहतो, आणि चोरी, आग, झाड पडणे यांपासून संरक्षण देणारा भाग मात्र दुसऱ्याच जानेवारीत संपलेला असतो. उभ्या गाडीला याच भागाची खरी गरज असते. विमा संपून ९० दिवसांपेक्षा अधिक काळ लोटला, तर वर्षानुवर्षे साचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. म्हणून मुदत आपल्या गैरहजेरीत संपत असेल, तर नूतनीकरण निघण्यापूर्वीच करावे. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसीची गरज नसते, पण त्यानंतर ती लागते, तेव्हा मेळ्यात घेतलेल्या गाडीची पीयूसीही याच हंगामात आठवावी. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राची, मूळ प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवून जाऊ नये. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात, हे ध्यानात घेऊन दुसरी चावी कुठे आहे, याची आताच खात्री करून घ्यावी.

जागेचा विचार करताना छप्पर मिळत असेल, तर उत्तमच. पण लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजातून आजची गाडी आत जात नाही, आणि दौलतगंज किंवा जनकगंजसारख्या वस्त्यांत गल्लीच्या कडेलाच ती उभी राहते. तीन महिने हलणार नसलेली गाडी अशा अरुंद गल्लीत सोडून जाणे, मला विचाराल तर, टाळावेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते, कुणाच्या घरी लग्न निघाले, तर मंडपासाठी ती ढकलावी लागते, आणि चावी नसलेली गाडी लोक ज्या रीतीने सरकवतात, ती रीत गाडीला मानवणारी नसते. एखाद्या नातेवाइकाच्या कॉलनीतल्या अंगणात किंवा फाटक असलेल्या आवारात जागा मागण्यात संकोच करू नये.

उघड्यावरच ठेवणे भाग असेल, तर काही ठिकाणे कटाक्षाने वगळावीत. कडुनिंब, पिंपळ यांच्या खाली सावली मिळते, पण पक्ष्यांची विष्ठा महिनोन् महिने रंगावर राहिली, तर तिच्यातल्या आम्लाने कायमचे डाग पडतात. उघड्या नालीच्या, कचराकुंडीच्या किंवा धान्याच्या दुकानाच्या जवळ उंदीर आणि घुशी असतातच. वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी उभी करू नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे चौकाचौकांत अलाव पेटतात. रात्रपाळीचे चौकीदार, रिक्षावाले, दुकानदार शेकोटीभोवती बसतात, आणि त्यांच्या नेहमीच्या जागेपासून गाडी चांगली दूर असावी. लग्नसराईतल्या वरातीच्या मार्गावरही ती नको, कारण आतषबाजीची एक ठिणगी कापडी कव्हर पेटवायला पुरेशी असते. जमीन कच्ची असेल, तर चारही चाकांखाली लाकडी फळ्या घालाव्यात, म्हणजे मावठाचा पाऊस पडला, तरी टायर ओलीत रुतून राहणार नाहीत.

शेवटचा आठवडा: ऑइल, कूलंट, इंधन

ऑइल बदलण्याची वेळ जवळ आलेली असेल, तर ते परतल्यावर बदलू असे म्हणू नये, आधीच बदलून घ्यावे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा साचलेला असतो, आणि इंजिनच्या धातूला महिनोन् महिने त्याच ऑइलात बुडवून ठेवण्यात शहाणपण नाही. ऑइल नुकतेच बदललेले असेल, तर या पायरीची गरज नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, टाकीतल्या खुणांच्या दरम्यान असावा आणि तो खरा कूलंट असावा. उन्हाळ्यात वाटेत कुणी साधे पाणी भरून दिलेले असेल, तर ते काढून कंपनीने सांगितलेले मिश्रण भरावे. ग्वाल्हेरमध्ये जानेवारीतल्या पहाटे चार-पाच अंशांपर्यंत थंड होतात, तेव्हा पाणी गोठून इंजिन फुटेल अशी भीती इथे नाही, डोंगरांत राहणाऱ्यांना ती असते. इथला धोका गंजाचा आहे, आणि कूलंटमध्ये गंजरोधक असते, पाण्यात नसते.

पेट्रोलची टाकी जवळजवळ पूर्ण भरावी. पंपाच्या नळीने पहिल्यांदा आपोआप थांबण्याचा आवाज केला की तिथेच थांबावे, गळ्यापर्यंत भरू नये. रिकाम्या टाकीत हवा अधिक, हवेत ओलावा अधिक, आणि थंड रात्री तो टाकीच्या भिंतीवर दवासारखा जमतो. आता आपल्याकडे पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके जिथून पंप इंधन उचलतो तिथे. भरलेल्या टाकीत ही शक्यता बरीच कमी होते, आणि दोन-तीन महिन्यांत ताजे पेट्रोल सहसा बिघडत नाही. त्याहून अधिक काळ जाणार असाल, तर इंधन टिकवणारे द्रव्य पंपावर गाडी भरतानाच टाकावे आणि नंतर काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे ते नळ्यांपर्यंत पोहोचते. डिझेलच्या गाडीलाही टाकी भरण्याचा नियम तितकाच लागू आहे, कारण डिझेलखाली साठलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ फिल्टर बुजवतो.

सीएनजीच्या गाडीत पेट्रोल महिनोन् महिने पडून असते, हे मालक विसरतात. निघण्यापूर्वी ते जुने पेट्रोल बरेचसे वापरून ताजे भरावे, शेवटची फेरी पेट्रोलवरच करावी, आणि सिलिंडरवरची हाताने फिरवायची चावी बंद करून जावी. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी जवळ आली असेल, तर तीही तारीख टिपून ठेवावी. विजेवर चालणारी गाडी पूर्ण चार्ज करून किंवा अगदी रिकामी ठेवून जाऊ नये. साधारण ५० ते ७० टक्के चार्ज ठेवून चार्जरची तार काढून ठेवावी.

शेवटची फेरी आणि धुणे

गाडी ठेवण्यापूर्वी ती धुवावी, आणि मग चालवावी. हा क्रम उलटा करू नये. धुतल्यावर ओले झालेले ब्रेक तसेच ठेवले, तर डिस्कवर आणि मागच्या ड्रममध्ये गंज धरतो. म्हणून सकाळी गाडी धुवून, खालून चाकांच्या कमानींतला चिखलही काढून, दुपारच्या उन्हात मुरैना रोडने बाणमोरपर्यंत जाऊन यावे. तीस-चाळीस किलोमीटरच्या या फेरीत इंजिन पूर्ण तापते, सायलेन्सरमधले पाणी निघून जाते, ब्रेक कोरडे होतात आणि बॅटरीही भरते. परतताना शेवटची पाच-सात मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवावा, म्हणजे एसीच्या आतली ओल वाळते आणि कुबट वास धरत नाही.

गाडीच्या आतली सफाई दिसण्यासाठी नसून उंदरांसाठी आहे. सीटखाली सांडलेले शेंगदाणे, मुलांच्या बिस्किटांचा चुरा, मागच्या कप्प्यात राहिलेला प्रसादाचा पुडा, हे सारे काढून टाकावे आणि फटींत व्हॅक्यूम फिरवावा. पायपुसणी उन्हात वाळवूनच परत घालावीत. डिकीत विसरलेली ओली छत्री महिनाभरात बुरशी धरते. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवावे, त्यामुळे बाहेरची हवा घेण्याचे झाकण बंद होते आणि त्या वाटेने आत येणाऱ्या उंदराला अडथळा होतो. काचा पूर्ण बंद कराव्यात.

टायर आणि हँडब्रेक

टायरच्या बाबतीत थोडे गणित करावे लागते. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होते. नोव्हेंबरच्या दुपारी आपण २७-२८ अंशांत हवा भरतो आणि जानेवारीच्या पहाटे पारा पाचावर असतो, म्हणजे केवळ थंडीनेच जवळजवळ ४ पीएसआय जातात. त्यात दर महिन्याला आपोआप झिरपणारी साधारण १ पीएसआय मिळवली, तर तीन महिन्यांत ३३ची हवा २६वर येऊ शकते, आणि अशा नरम टायरवर गाडीचे सारे वजन एकाच जागी राहिले, की तिथे टायर चपटा होतो. म्हणून नेहमीच्या हवेपेक्षा ५ पीएसआय जास्त भरावी, मात्र टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. स्टेपनीतही हवा भरून घ्यावी, परतल्यावर तिची गरज पडण्याची शक्यता नेहमीपेक्षा अधिक असते.

हँडब्रेक ओढून जाऊ नये. मागच्या ड्रममधले लायनर ओलाव्याने ड्रमला चिकटून बसतात आणि परतल्यावर गाडी जागची हलत नाही. जमीन सपाट निवडावी, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, स्वयंचलित असेल तर पी, म्हणजे पार्कमध्ये, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावूनच मग हँडब्रेक सोडावा. ठोकळे आधी, हँडब्रेक नंतर, हा क्रम चुकवू नये. उतारावरच उभी करावी लागणार असेल, तर हँडब्रेक ओढलेलाच राहू द्यावा. चिकटलेला ब्रेक मिस्त्री सोडवून देतो, सुटलेली गाडी कुणाच्या तरी अंगावर जाते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत तो आपोआप लागतो का आणि तो कसा थांबवायचा, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत वाचून घ्यावे, आणि हे काम बॅटरीची तार काढण्यापूर्वीच उरकावे.

बॅटरी

बंद गाडीही वीज खात असते. घड्याळ, अलार्म, रिमोटची हाक ऐकणारे यंत्र आणि इंजिनच्या संगणकाची स्मृती मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास वीज सतत जाते. दिवसाला हे ०.७२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे सुमारे साडेतीन आठवड्यांत ती अर्धी होते आणि सातव्या आठवड्याअखेर संपते. कॅमेरा किंवा मागाहून बसवलेला जीपीएस असेल, तर त्याआधीच. वाईट हे की उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण स्फटिक जमतात, आणि मग पुन्हा चार्ज केली, तरी तिची पूर्वीची ताकद परत येत नाही.

म्हणून एक महिन्यापेक्षा अधिक काळ गाडी बंद राहणार असेल, तर बॅटरीची तार काढून जावे. बहुतेक गाड्यांत यासाठी दहा नंबरचा पाना पुरतो. आधी नेहमी काळी, म्हणजे उणे चिन्हाची तार काढावी. गाडीची सारी बॉडी उणे टोकाला जोडलेली असते, त्यामुळे लाल तार आधी सोडवताना पाना चुकून बोनेटच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते आणि पाना हातात तापतो. काळी काढल्यावर हा धोका उरत नाही. सोडवलेल्या काळ्या तारेच्या टोकावर कापड गुंडाळून ती अशी बाजूला अडकवावी, की ती आपोआप परत बॅटरीला टेकणार नाही. लाल तारेला हात लावण्याची गरजच नाही.

हे करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तार काढल्यावर रिमोटने दार लागत नाही, म्हणून किल्लीने दार उघडते-लागते का, हे तपासावे. बिनकिल्लीच्या गाड्यांत रिमोटच्या पोटातच एक छोटी किल्ली असते, ती अनेकांनी कधी बाहेर काढूनही पाहिलेली नसते. दोन, काही गाड्यांची डिकी फक्त विजेवर उघडते, तेव्हा पाना आणि जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्याच्या तारा) डिकीत बंद करून जाऊ नये, त्या घरात ठेवाव्यात. तीन, महागड्या गाडीची किंवा हायब्रिडची तार काढण्यापूर्वी पुस्तिका वाचावी किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. तार परत जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, काचा एका झटक्यात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, आणि पहिली काही मिनिटे इंजिन थोडे थरथरते. हे सारे स्वाभाविक आहे.

बॅटरी कायम चार्ज ठेवणारे छोटे चार्जर मिळतात आणि ते चांगलेही असतात, परंतु ज्या घरात तीन महिने कुणी नाही, तिथे विजेचे उपकरण चालू ठेवून जाण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. घरात माणूस राहणार असेल आणि गाडी छपराखाली असेल, तर तो उपाय जरूर करावा.

उंदीर, घुशी आणि मांजरे

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींच्या मते थंडी संपताना येणाऱ्या गाड्यांत कुरतडलेल्या तारांचेच काम सर्वांत जास्त असते, आणि मी जे पाहिले आहे, त्यावरून मला ते पटते. तारांचा एक जुडगा बदलायचा, तर हजारोंचा खर्च येतो, आणि कुठली तार अर्धवट तुटली आहे, हे शोधण्यात दिवस जातात.

यावर एकही उपाय पूर्ण खात्रीचा नाही, म्हणून दोन-तीन एकत्र करावेत. बाहेरची हवा आत घेणाऱ्या वाटेवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी बसवून घेणे सर्वांत टिकाऊ. सायलेन्सरच्या तोंडात जाळीचा बोळा घालावा आणि त्याला लाल कापडाची लांब पट्टी बांधावी, म्हणजे परतल्यावर तो काढायचे विसरणार नाही. डांबरगोळ्या कापडात बांधून बोनेटखाली ठेवण्याची पद्धत आहे. त्यांचा वास तीन-चार आठवड्यांत उडतो आणि तो आत बसणाऱ्यांनाही चांगला नसतो, म्हणून त्या गाडीच्या आत कधीच ठेवू नयेत. तंबाखूची पाने ठेवणारेही पुष्कळ आहेत, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. विष मात्र ठेवूच नये. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरेल, याची शाश्वती नसते, आणि एसीच्या वाटेत मेलेला उंदीर काढण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. शिवाय गल्लीतली मांजरे आणि कुत्री तो मेलेला उंदीर खातात. पिंजरा लावायचा, तर तो रोज पाहणारा माणूस हवा.

गाडी बंद आवारात असेल, तर बोनेट थोडे उघडे ठेवल्यानेही फरक पडतो, कारण उंदराला अंधार आणि आडोसा लागतो.

कव्हर

प्लास्टिकचे किंवा ताडपत्रीचे कव्हर घालू नये. जानेवारीत धुके दिवस-दिवस हटत नाही, आणि अशा कव्हरखाली ओल अडकून पत्र्यावर पाण्याचे थेंब जमतात. हवा खेळू देणारे, आतून मऊ अस्तर असलेले कापडी कव्हर घ्यावे, गाडी पूर्ण कोरडी आणि स्वच्छ असतानाच घालावे, आणि पोटाखालून दोरीने बांधावे, कारण वाऱ्याने फडफडणारे कव्हर धुळीसह रंगावर घासत राहते. वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून त्यांच्या रबराखाली कापडाची घडी ठेवावी. बंद गॅरेजमध्ये जुनी सुती चादरही पुरते.

आपल्या मागे

शेजारच्या काकांना किंवा ज्यांच्या आवारात गाडी आहे, त्यांना एक चावी आणि एक कागद देऊन जावे. त्या कागदावर बॅटरीची तार काढलेली आहे, गाडी गिअरमध्ये आहे, ठोकळे लावलेले आहेत, सायलेन्सरमध्ये जाळी आहे, आणि ती चालू करू नये, हे स्पष्ट लिहावे. गाडी हलवणे भागच पडले, तर काय करायचे, तेही लिहावे. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की पंधरवड्यातून एकदा कव्हर उचलून टायर बसले आहेत का, खाली काही गळले आहे का, उंदराच्या लेंड्या दिसतात का, ते पाहावे आणि फोटो पाठवावा. दुसरा कागद स्टिअरिंगला बांधावा, तो आपल्याच साठी असतो. तीन महिन्यांनी, रात्रभरच्या प्रवासानंतर, आपण काय काय केले होते, हे आठवत नाही.

परतल्यावर

स्टेशनवरून आल्या आल्या गाडी काढण्याची घाई करू नये, हे काम दिवसाउजेडी करावे. कव्हर काढून आधी गाडीभोवती फिरावे, खाली वाकून ऑइल किंवा कूलंटचा डाग पाहावा. मग बोनेट उघडावे. घरटे, चिंध्या, कुरतडलेले रबर दिसले, तर बॅटरी न जोडताच मिस्त्रीला बोलवावे, कारण उघड्या पडलेल्या तारांत वीज सोडली, तर बिघाड वाढतो आणि आगही लागू शकते. ऑइल आणि कूलंटची पातळी पाहावी. सायलेन्सरमधला बोळा काढावा. टायर फारच बसले असतील, तर पंक्चरवाल्याला हवेचा पंप घेऊन घरी बोलवावे, तशा टायरवर गाडी पंपापर्यंत नेऊ नये.

तार घट्ट जोडावी, चावी फिरवून दिवे लागल्यावर तीन-चार सेकंद थांबावे, म्हणजे इंधनाचा पंप नळ्या भरून घेतो, आणि मगच सेल्फ मारावा. इंजिन चालू होताच अॅक्सिलरेटर दाबून ते गुरगुरवू नये. ऑइल खाली उतरून गेलेले असते, ते वर पोहोचायला थोडा अवधी द्यावा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करावे.

सेल्फ नुसता टकटक करत असेल, तर जंपर केबलने दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी लागते. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचे टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या, बॅटरीपासून दूर असलेल्या, उघड्या धातूला लावावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, म्हणून ती बॅटरीपासून दूर हवी. काढताना हाच क्रम उलटा.

ठोकळे काढल्यावर पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर आणि सावकाश करावी. निघताच हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा. डिस्कवरच्या हलक्या गंजाचा खरखर आवाज थोड्या वेळात जातो, पण पेडल मऊ लागले किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर तिथूनच परत फिरावे. स्टिअरिंगला जाणवणारी थरथर टायरच्या चपटेपणाची असते आणि टायर तापल्यावर बहुधा दहा-पंधरा किलोमीटरमध्ये नाहीशी होते. दुसऱ्या दिवशीही ती राहिली, तर टायर दाखवावेत. एसी पहिल्यांदा चालू करताना काचा उघड्या ठेवाव्यात. टायरमधली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पुन्हा ३३वर किंवा आपल्या गाडीला जी सांगितली असेल तिच्यावर आणावी.

एवढे झाल्यावर बॅटरीची परीक्षा घ्यावी. तासभर गाडी चालवून ती रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी, मल्टिमीटरने मोजावे. १२.६च्या आसपास व्होल्ट आले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४च्या खाली आले, तर चार्जरवर लावून पुन्हा एकदा रात्रभर ठेवून मोजावे. तरीही आकडा वर राहत नसेल, तर ती बॅटरी मार्चमध्येच बदलून घ्यावी, कारण थंडीने केवळ कमजोरी उघड होते, बॅटरी खऱ्या अर्थाने मारतो तो ग्वाल्हेरचा ४५ अंशांचा मे महिना.